शेव्हरोले सी-१० साठी पुढच्या डिस्क ब्रेकचं किट: लोखंड भक्कम, पाइप-व्हॉल्व्ह तपासून घ्या

जुना पिकअप घरी नव्याने उभा करायला घेतला की पैसा आधी इंजिनात जातो, मग रंगात, आणि उरलासुरला ब्रेकला. खरं तर उलटं हवं. १९६३ ते १९७० मधल्या शेव्हरोले सी-१० ला कंपनीने चारही चाकांना ड्रम ब्रेक दिले होते. त्या काळच्या वेगाला ते पुरत होते. आज त्याच ट्रकात नवं व्ही-८ बसवून हायवेला लावला, की दोन-तीन जोरात मारलेल्या ब्रेकनंतर ड्रम तापतात आणि पॅडल दाबूनही गाडी पुढेच जाते. घाट उतरताना लायनर जळाल्याचा वास ज्याने घेतलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

१९७१ मध्ये शेव्हरोलेने स्वतःच सी-१० च्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले. बाजारात मिळणारी बहुतेक किटं म्हणजे कंपनीची हीच रचना १९७१ आधीच्या ट्रकांना लावणं. म्हणूनच हे किट घ्यावं असं आमचं मत आहे: यात कुणाची कल्पनाशक्ती लढवलेली नाही, सिद्ध झालेले भाग आहेत. पॅड डी-५२ आकाराचं, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) एका पिस्टनचा, २ १५/१६ इंच बोअरचा, डिस्क साधारण ११.८६ इंच व्यासाची आणि सहसा सव्वा इंच जाड. हे पॅड जनरल मोटर्सच्या असंख्य गाड्यांना लागतं, त्यामुळे अमेरिकेतल्या कुठल्याही गावातल्या पार्टच्या दुकानात ते काउंटरवर मिळतं. दहा वर्षांनी किटवाला धंद्यात नसला तरी ट्रक अडून राहणार नाही.

किटं दोन जातीची असतात. एका जातीत नवं स्पिंडलच (चाक ज्या खुंटावर फिरतं तो भाग) येतं, दुसऱ्या जातीत जुनं ड्रमचं स्पिंडल ठेवून त्यावर कॅलिपरचं ब्रॅकेट बोल्टने कसायचं असतं. ब्रॅकेटवालं स्वस्त पडतं आणि स्प्रिंगला हात लावावा लागत नाही. पण कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्यावर आणायला पातळ वायसर घालत बसावं लागतं, आणि पन्नास-साठ वर्षं वापरलेल्या स्पिंडलच्या बेअरिंगची बैठक झिजलेली असेल तर सगळं काम पाण्यात. दोन-तीनशे डॉलर वाचवण्यासाठी हा मार्ग धरू नये. स्पिंडलसकट घ्यावं. त्यातही मूळ उंचीचं आणि अडीच इंच खाली बसवणारं असे दोन पर्याय असतात. ट्रक खाली बसवायचाच असेल तर स्प्रिंग कापण्यापेक्षा हे स्पिंडल कितीतरी चांगलं, कारण कंट्रोल आर्मचा (स्पिंडल चेसीशी जोडणाऱ्या दांड्याचा) कोन बदलत नाही. फक्त चाक पूर्ण वळवून फेंडरला आणि टाय रॉडला (स्टिअरिंगच्या दांड्याला) किती जागा उरते ते आधी मोजा.

ऑर्डर देण्यापूर्वी चाकाचे बोल्ट मोजा. १९७० पर्यंतच्या सी-१० ला सहा बोल्ट, साडेपाच इंच वर्तुळावर. १९७१ पासून पाच बोल्ट, पाच इंचावर. किट दोन्ही प्रकारांत मिळतं. पाच बोल्टचं घेतलं की पुढे पाच, मागे सहा अशी गाडी होते, आणि स्पेअर टायर एक असून चालत नाही. मागचा अॅक्सल बदलायचा बेत नसेल तर सहाचंच मागवा. चाक कमीत कमी १५ इंची लागतं. पण १५ इंची म्हणून प्रत्येक चाक बसेलच असं नाही: ड्रमच्या जमान्यातल्या काही रिमचा आतला भाग कॅलिपरला घासतो. टायर चढवण्याआधी नुसतं रिम लावून हाताने फिरवून पाहावं.

खोलताना खरा धोका स्प्रिंगचा आहे. सी-१० ची कॉइल स्प्रिंग चेसी आणि खालच्या कंट्रोल आर्मच्या मध्ये दबलेली असते. स्पिंडल सोडवलं आणि आर्मखाली आधार नसला, तर ती स्प्रिंग जीवघेण्या जोराने बाहेर येते. चेसी मजबूत स्टँडवर ठेवा, जॅक खालच्या आर्मला बॉल जॉइंटच्या जवळ लावा, आणि स्प्रिंगमधून साखळी ओवून चेसीला बांधा. नट पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे राहू द्या आणि स्पिंडलच्या ज्या कानात बॉल जॉइंट बसतो, त्या कानावर बाजूने जड हातोडीचा ठोका द्या. टेपर, म्हणजे दांड्याचा निमुळता भाग, सुटतो. दुबोटी पाचर घातली तर रबराचं बूट फाटतं. इंजिन उतरवलेला ट्रक असेल तर आणखी एक घोळ होतो. पुढे वजनच नसल्यामुळे जॅक वर केला की स्प्रिंग दबण्याऐवजी अख्खी चेसी स्टँडवरून उचलली जाते. ट्रक उभा करण्याच्या कामात इंजिन बाहेर असताना ब्रेक उरकून घेऊ असं सगळ्यांनाच वाटतं. त्या वेळी स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरा, नाहीतर इंजिन बसेपर्यंत थांबा.

जुने ब्रेक शू अॅस्बेस्टॉसचे असू शकतात. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ओली करून पुसा.

नवं स्पिंडल लावताना टेपरची खात्री करा. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडचा दांडा भोकात नट न लावता बसवून हलवा. हलला तर टेपर जुळत नाही, आणि नट कितीही आवळला तरी तो पुढे सैल होणारच. डिस्कच्या स्पिंडलला टाय रॉड एंड बहुधा वेगळे लागतात. चांगल्या किटमध्ये ते येतात, स्वस्तात नसतात. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट थोडा आणखी आवळायचा, मागे कधी फिरवायचा नाही.

डिस्कला गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं. ते ब्रेक क्लीनरने धुवा, नाहीतर पहिल्याच दिवशी पॅड तेल पितात. बेअरिंगची वाटी खांद्यापर्यंत बसली आहे का ते पंचने ठोकून पाहा: पूर्ण बसली की ठोक्याचा आवाज बद्दऐवजी खणखणीत येतो. ग्रीस डिस्क ब्रेकला चालणारं, जास्त तापमानाचं हवं. जुन्या ड्रमचं ग्रीस पातळ होऊन सीलबाहेर येतं. मग चाक फिरवत फिरवत नट १२ फूट-पौंडाला आवळा, सोडा, नुसत्या बोटांनी पुन्हा आवळा आणि जवळच्या खाचेत पिन घाला. ०.००१ ते ०.००५ इंच एवढीच ढील राहिली पाहिजे. ही ढील नसली तर बेअरिंग तापतं. जास्त झाली तर डिस्क डगमगून पिस्टनला मागे ढकलते आणि पुढच्या वेळी पॅडल खोल जातं.

कॅलिपर डावा-उजवा उलटा झाला तरी बोल्ट बसतात, इथे फसगत होते. हवा काढायचा निप्पल वरच्या बाजूला हवा. तो खाली असला तर लिटरभर ब्रेक ऑइल ओतूनही हवा आतच राहते, कारण हवा वर जाऊन बसते. होजच्या बोल्टला दोन्ही बाजूंना एकेक तांब्याचा वायसर, दोन्ही नवे. आणि हा बोल्ट हाताने आत जातो का ते पाहा. जनरल मोटर्सच्या जुन्या कॅलिपरला ७/१६-२० चे आटे असतात, १९७८ च्या सुमारास पुढचे १० मिलिमीटरचे झाले. दोन आटे जाऊन अडला तर बोल्ट चुकीचा आहे. पान्याने जोर लावला तर कॅलिपर गेला. होज चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि आर्म लटकता ठेवून तपासा. ताणला जात असेल तर लांब मागवा.

इथपर्यंत किटमधल्या मालाबद्दल फारशी तक्रार नाही. लोखंड भक्कम असतं. तक्रार सुरू होते ती पाइप, व्हॉल्व्ह आणि बूस्टरपाशी (इंजिनाच्या व्हॅक्यूमने पॅडल हलकं करणारा डबा), आणि ‘ब्रेक बसवले पण पॅडल मऊ’ म्हणून रडणाऱ्यांपैकी बहुतेक जण इथेच अडकलेले असतात.

जुना ड्रमचा मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की ऑइल पाइपात ढकलणारा) ठेवू नका. त्याच्या ड्रमकडच्या तोंडात रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, जो पाइपात थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमला तो चालतो, डिस्कला मात्र पॅड सतत चिकटून राहतात. शिवाय ऑइलचा खाना लहान. पॅड झिजले की कॅलिपरला जास्त ऑइल लागतं आणि पातळी तळाला जाते. १९६६ पर्यंतच्या ट्रकांचा तर मास्टर एकाच खान्याचा. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. डिस्क-ड्रमसाठीचा दोन खान्यांचा मास्टर घ्या. मोठा खाना पुढच्या डिस्कचा. काही किटवाले डिस्कच्या लाइनसाठी दोन पौंड दाबाचा रेसिड्युअल व्हॉल्व्हही देतात. सी-१० चा मास्टर फायरवॉलवर, म्हणजे कॅलिपरच्या वरच असतो, त्यामुळे त्याची गरज नाही. १९४७ ते १९५४ च्या ट्रकांत मास्टर पायाखालच्या फळीखाली असतो, तिथे मात्र तो हवाच, नाहीतर ऑइल मागे उतरतं.

कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह लावाच. तो मागच्या ड्रमचा दाब मर्यादित ठेवतो आणि मागचे शू स्प्रिंगचा ताण मोडून ड्रमला टेकेपर्यंत पुढच्या डिस्कला किंचित थांबवतो. कारपेक्षा पिकअपला हे जास्त गरजेचं आहे. मागचा हौदा रिकामा असताना मागच्या चाकांवर वजनच नसतं. ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम झाली की ट्रकचं ढुंगण पुढे यायला बघतं. हाताने फिरवून दाब कमी-जास्त करायचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावणार असाल तर तो फक्त मागच्या लाइनला, आणि कॉम्बिनेशन व्हॉल्व्हच्या मागे जोडून दुसरा म्हणून नाही. दोन लागले तर मागचे ब्रेक नावापुरते उरतात.

बूस्टरबरोबर येणारा पुशरॉड हा किटमधला सगळ्यात दुर्लक्षित भाग. बूस्टरचा रॉड आणि मास्टरचा पिस्टन यांच्यात साधारण ०.०२० इंच फट हवी. रॉड लांब राहिला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परत खान्यात जायचं भोक झाकलेलं राहतं, आणि तापलेलं ऑइल फुगून ब्रेक आपोआप लागत जातात. सुरुवातीला सगळं ठीक. पाच-सात मैलांवर गाडी ओढू लागते, चाकं तापतात, शेवटी जाम. लोक कॅलिपर बदलतात, दोष मात्र दोन आट्यांचा असतो. चाचणीसाठी मास्टरचे बूस्टरकडचे नट थोडे सैल करा. ब्रेक सुटला तर रॉड लांब आहे. पॅडलला दोन भोकं असतील तर बूस्टरसाठी खालचं वापरा. वरचं पिव्हटजवळचं भोक बूस्टर नसलेल्या ब्रेकसाठी. व्हॅक्यूम १८ इंच पाऱ्याच्या आसपास हवा, आणि होज इनटेक मॅनिफोल्डला जोडायचा. रेसचा कॅमशाफ्ट बसवलेल्या इंजिनात इतका व्हॅक्यूम आयडलला मिळत नाही. तिथे बूस्टर असूनही पॅडल दगड लागतं.

पाइप ३/१६ इंचाचे, तांबे-निकेलचे घेतले तर हाताने वळतात. टोकाला ४५ अंशाचं डबल फ्लेअर, म्हणजे दुहेरी दुमडून पसरवलेलं टोक. सिंगल फ्लेअर चिरतं, आणि कॉम्प्रेशन फिटिंग ब्रेकच्या लाइनला कधीच नको.

मास्टर आधी व्हाइसमध्ये धरून नळ्या परत खान्यात सोडून बुडबुडे थांबेपर्यंत दाबा, मगच गाडीवर चढवा. हवा काढायचा क्रम मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. ऑइल डॉट-३ किंवा डॉट-४. सिलिकॉनचं डॉट-५ त्यात मिसळू नका. पुढच्या चाकांना ऑइल येत नसेल तर कॉम्बिनेशन व्हॉल्व्हची पिन दाबून धरावी लागते. तरीही पॅडल खोल जात असेल, तर नवं सामान खोलायच्या आधी मागचे जुने शू जुळवा. ड्रम फिरवताना हलकी घासण लागेपर्यंत शू जुळवायची चक्री फिरवली की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. पॅड बसवण्यासाठी साधारण ३५ मैल वेगावरून दहा वेळा मध्यम जोराने वेग उतरवा, मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या, आणि गरम असताना पॅडल दाबून उभे राहू नका.

माणूस एकटा असेल तर दोन पूर्ण दिवस धरा, पाइप नवे घालायचे असतील तर तीन. किटमधला माहितीचा कागद मात्र बहुतेक ठिकाणी एका पानाचा आणि टॉर्कच्या आकड्यांशिवाय असतो. बॉल जॉइंटसाठी शेव्हरोलेचं त्या वर्षाचं शॉप मॅन्युअल जवळ ठेवा. आमची शिफारस: स्पिंडल, डिस्क, कॅलिपर एका किटमध्ये घ्या, मास्टर, व्हॉल्व्ह आणि होज नामांकित पार्ट-दुकानातून स्वतः निवडून. ट्रक फक्त गल्लीतून प्रदर्शनापर्यंत नेणार असाल, तर नीट लायनर घातलेले मूळ ड्रमही पुरतात. अशा मालकाने ही खरेदी करूच नये. बाकीच्यांनी जुने सहा बोल्टचे ड्रम आणि हब तेल लावून खोक्यात ठेवावेत. मूळ रूपातला ट्रक शोधणारा गिऱ्हाईक त्यांची चौकशी आधी करतो.