पीसी-निकॉर ३५ मिमी एफ/२.८: बरेच महिने वापरल्यानंतर

कॅमेरा वर झुकवून इमारतीचा फोटो घेतला की भिंती माथ्याकडे एकमेकींवर कलतात. या लेन्समध्ये कॅमेरा पातळीत ठेवायचा आणि बाजूचा नॉब फिरवून लेन्सच वर सरकवायची. निकॉनने ३५ मिमी एसएलआरसाठी (आरशातून लेन्समधलंच दृश्य दाखवणारा फिल्म कॅमेरा) अशी पहिली लेन्स १९६२ मध्ये आणली, ती एफ/३.५ होती. एफचा आकडा म्हणजे अ‍ॅपर्चरचं, प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचं माप; आकडा लहान तितकं छिद्र मोठं. माझी एफ/२.८, १९८० च्या सुधारित रूपातली. सेकंडहँड घेतली आणि अ‍ॅडॉप्टर लावून फुलफ्रेम मिररलेसवर (आरसा नसलेला, ३६×२४ मिमी सेन्सरचा डिजिटल कॅमेरा) वापरतो.

लेन्स सरकते ११ मिमी. आकडा किरकोळ वाटतो, पण आडव्या फ्रेमची उंचीच २४ मिमी असते. मुंबईचा राजाबाई टॉवर सुमारे ८५ मीटर उंच आहे. कॅमेरा उभा आणि पातळीत धरला तर साध्या ३५ मिमी लेन्सने तो पूर्ण मावायला १६० मीटरच्या आसपास मागे जावं लागेल. पूर्ण शिफ्टवर, म्हणजे लेन्स ११ मिमी वर सरकवली की, शंभरेक मीटर पुरतात. टॉवरसमोरच्या ओव्हल मैदानात मागे जायला जागा तरी आहे. पुण्याच्या पेठांत चार पावलं मागे गेलं की पाठ भिंतीला लागते, आणि या लेन्सची खरी किंमत तिथे कळते. विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग समोरच्या फुटपाथवरून घेताना सुरुवातीला निम्मी फ्रेम डांबर आणि दुचाक्यांनी भरलेली असते. नॉब फिरवत जा: दुचाक्या खाली सरकत बाहेर पडतात आणि वरून कोरीव सज्जा, मग छप्पर आत येतं. खांब मात्र सरळच्या सरळ. हे डोळ्यांदेखत घडताना बघणं मला अजून तितकंच आवडतं.

सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ होतात हे खरं. पण तिथे फोटोचा वरचा भाग ताणला जातो आणि कडा कापाव्या लागतात, आणि आपल्या वाड्यांचं नेमकं बघण्यासारखं लाकूडकाम वरच असतं. शिवाय शेवटी फ्रेम कशी दिसेल हे जागेवर उभं असतानाच कळायला हवं, घरी गेल्यावर नव्हे.

लेन्स स्वतःभोवती फिरते, दर ३० अंशांवर खटका आहे. त्यामुळे आडवं शिफ्टही मिळतं. दारासमोर विजेचा खांब आला तर मी बाजूला उभा राहतो, सेन्सर भिंतीला समांतरच ठेवतो आणि लेन्स उलट बाजूला सरकवतो. खांब दारावरून हटतो, चौकट काटकोनातच राहते.

कॅमेरा उभा धरून पूर्ण शिफ्ट दिलं की वरचे कोपरे काळवंडतात. कारण उघड आहे: आडव्या फ्रेममध्ये कोपरा लेन्सच्या अक्षापासून २९ मिमीवर असतो, उभ्या फ्रेममध्ये ३१ मिमीच्या पुढे जातो. मी उभ्या फ्रेमला ८ मिमीवर थांबतो. एफ/११ ला कोपऱ्यातलं कोरीवकामही नीट सुटं दिसतं. उघड्या अ‍ॅपर्चरवर शिफ्टसह घेऊ नये, कडा मऊ पडतात.

अ‍ॅपर्चर प्रीसेट आहे, म्हणजे दोन रिंगा. एकीवर हवा तो आकडा लावायचा, दुसरीने फोकससाठी उघडायचं आणि फोटोआधी बंद करायचं. फिल्म एसएलआरवर लेन्स सरकवण्याआधीच प्रकाश मोजावा लागतो, नाहीतर मीटर चुकीचं सांगतं. मिररलेसवर तो प्रश्न येत नाही. ट्रायपॉड आणि कॅमेऱ्यातली लेव्हल मात्र हवीच. कॅमेरा जरा कलला तरी शिफ्टवर केलेली मेहनत वाया जाते. टिल्ट, म्हणजे लेन्स तिरकी करणं, हवं असेल तर ही लेन्स नाही. त्यासाठी कॅननची १९७३ ची टीएस ३५ मिमी बघा.

विकत घेताना नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. मध्ये अडकत असेल, किंवा लेन्स हाताला डगडगत असेल, तर सोडून द्या. मग मोबाइलचा टॉर्च मागून मारून बुरशी तपासा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेली लेन्स असेल तर हे दोनदा करा.