मॉन्ट्रियलची हॉकीफेरी: दोन लीग जन्मल्या त्या हॉटेलच्या भिंतीपाशी

आपल्याकडे हॉकी म्हटले की मैदानी हॉकीच डोळ्यांसमोर येते. मॉन्ट्रियलमध्ये मात्र हॉकी म्हणजे बर्फावरचीच, तिला वेगळे विशेषण लावण्याची गरज कोणाला वाटत नाही. कामानिमित्त या शहरात तीन आठवडे राहणे झाले, तेव्हा व्यावसायिक आइस हॉकीच्या आरंभकाळाची ओळख करून देणारी अडीच तासांची एक पायी फेरी मी केली. ती एक लहानशी स्थानिक संस्था चालवते. ऑक्टोबरमधल्या शनिवारी सकाळी आम्ही नऊजण जमलो होतो आणि आमचे मार्गदर्शक निवृत्त शिक्षक होते.

पहिला थांबा ड्रमंड स्ट्रीटवरचा. इथल्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये ३ मार्च १८७५ रोजी जेम्स क्रायटन यांनी नऊ-नऊ खेळाडूंचा बंदिस्त जागेतला सामना भरवला आणि चेंडू उसळून प्रेक्षकांना लागू नये म्हणून लाकडाची चपटी चकती वापरली. आज तिथे वाहनतळ आहे. मार्गदर्शकांनी आम्हाला ते अंतर पावलांनी मोजत चालायला लावले आणि मगच सांगितले की त्या रिंकचा बर्फ २०४ फूट लांब व ८० फूट रुंद होता, तर आजच्या नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या प्रमुख व्यावसायिक लीगचा, २०० बाय ८५ फूट असतो. आकडा आधी पायांना कळला आणि नंतर कानांना, त्यामुळे तो पक्का लक्षात राहिला.

फेरीचा खरा गाभा मात्र विंडसर हॉटेलपाशी आहे. मूळ हॉटेलचा बराचसा भाग केव्हाच पाडला गेला असून पील स्ट्रीटच्या बाजूचा विस्तारित भाग तेवढा उरला आहे. त्या दगडी भिंतीला टेकून मार्गदर्शकांनी नोव्हेंबर १९०९ ची हकिगत सांगितली, आणि ती ऐकण्यासाठी दिलेले पैसे मला सर्वस्वी सार्थकी लागले असे वाटले. मॉन्ट्रियलच्याच वाँडरर्स संघाच्या नव्या मालकांना आपले सामने स्वतःच्या ज्युबिली रिंकवर न्यायचे होते. ती रिंक लहान, म्हणजे प्रेक्षक कमी आणि पाहुण्या संघांच्या पदरात पडणारा तिकिटांचा वाटाही कमी. तेव्हा बाकीच्या मालकांनी जुनी संघटना मोडून वाँडरर्सला वगळून नवी संघटना काढली. त्याच वेळी रेनफ्रू या लहान गावाच्या संघासाठी प्रवेश मागायला आलेले अँब्रोज ओब्रायन यांनाही नकार मिळाला. वाँडरर्सचे जिमी गार्डनर आणि ओब्रायन, असे दोन नाकारलेले गृहस्थ हॉटेलात एकमेकांशेजारी बसले आणि आपणच नवी लीग काढू असे त्यांच्या बोलण्यात ठरले. २ डिसेंबरला नॅशनल हॉकी असोसिएशन स्थापन झाली आणि दोनच दिवसांनी तिच्यात फ्रेंच भाषकांचा संघ म्हणून कॅनेडियन्सचा जन्म झाला. आज ज्याच्यावर हे शहर जीव टाकते तो संघ खाणमालक ओब्रायन घराण्याच्या पैशांवर उभा राहिला, ही गोष्ट मला तरी नवीन होती.

आठ वर्षांनी याच हॉटेलात तसाच प्रकार पुन्हा घडला. टोरंटो संघाचे मालक एडी लिव्हिंगस्टन यांच्याशी नॅशनल हॉकी असोसिएशनमधल्या इतर मालकांचे पटेना, आणि त्यांना काढून टाकण्याची सोय तिच्या घटनेत नव्हती; म्हणून २६ नोव्हेंबर १९१७ रोजी इतरांनी त्यांना बाहेर ठेवून नॅशनल हॉकी लीग हा नवा संसार थाटला आणि फ्रँक काल्डर यांना अध्यक्ष केले.

माझा एक आक्षेप मात्र गंभीर आहे. व्यावसायिक हॉकी याच भिंतींत जन्मली, असे मार्गदर्शक दोनदा म्हणाले, आणि ते बरोबर नाही. १९०४ मध्येच मिशिगनमधल्या हाउटन या तांब्याच्या खाणींच्या गावात जॅक गिब्सन या दंतवैद्याच्या पुढाकाराने पाच संघांची लीग सुरू झाली होती आणि ती खेळाडूंना उघडपणे पैसे देत होती. कॅनडातले उत्तम खेळाडू तिकडे जाऊ लागल्यावर इथल्या क्लबांना हौशीपणाचा आग्रह धरून बसणे परवडेना. त्या काळचे नामवंत खेळाडू सायक्लोन टेलर आधी तिथे खेळले आणि मग १९१० च्या हंगामात रेनफ्रूने त्यांना बारा सामन्यांसाठी ५,२५० डॉलर दिले, हा दुवा सांगितल्याशिवाय विंडसरमधल्या भांडणाचे कारण अर्धेच समजते. लेस्टर व फ्रँक पॅट्रिक या खेळाडू बंधूंनी १९११ मध्ये व्हँकुव्हर व व्हिक्टोरिया येथे कृत्रिम बर्फाच्या रिंक बांधून पश्चिमेकडे स्वतंत्र लीग उभारली आणि मैदानाचे तीन भाग पाडणाऱ्या निळ्या रेषेसारखे नियम आणले, तेही एका वाक्यात उरकले गेले. मी हे विचारले तेव्हा मार्गदर्शकांनी मनमोकळेपणाने मान्य केले आणि वेळ कमी पडतो असे सांगितले. मला वाटते, ड्रमंड स्ट्रीटवरची दहा मिनिटे कमी करून हाउटनला द्यावीत.

शेवटच्या थांब्यासाठी मेट्रोने ॲटवॉटरला जावे लागते. तिकीट शुल्कात धरलेले नाही, हे आधी कळवले जात नाही. तिथल्या मॉलच्या जागी वेस्टमाउंट अरीना होती. १९ डिसेंबर १९१७ रोजी नव्या लीगच्या पहिल्याच दिवशी वाँडरर्सने टोरंटोला १०–९ असे हरवले, तेव्हा तिथे जेमतेम ७०० प्रेक्षक होते. २ जानेवारी १९१८ रोजी ती इमारत जळून गेली. वाँडरर्सने स्पर्धेतून अंग काढून घेतले आणि नॅशनल हॉकी लीगमधला तो एकच विजय त्यांच्या नावावर राहिला. सरकत्या जिन्यावरून पिशव्या घेऊन वर जाणाऱ्या गर्दीकडे पाहत आम्ही हे ऐकत होतो आणि आमच्यातले कोणीही काही बोलले नाही.

इंग्रजी समजत असेल, पायांत चांगले बूट असतील आणि जाण्यापूर्वी हाउटनविषयी थोडे वाचून ठेवले असेल, तर ही फेरी जरूर करावी. थंडी कडक होण्याआधी जावे, कारण विंडसरपाशी अर्धा तास उघड्यावर उभे राहावे लागते.