बिटांचा डबा, बदलती दांडी की सुटे स्क्रू ड्रायव्हर?

घर आणि वर्कशॉप दोन्हीकडे चालेल असा स्क्रू ड्रायव्हर सेट घ्यायचा, तर निवड तिघांतून होते. एका मुठीत बसणाऱ्या तीस-चाळीस बिटांचा, म्हणजे बदलत्या छोट्या टोकांचा डबा, एकाच मुठीत पाच-सहा दांड्या बदलता येतात तो सेट, नाहीतर ज्याची त्याची मूठ असलेले सुटे. माझं नाशिकच्या अंबडला विजेच्या पॅनेलच्या वायरिंगचं छोटं काम आहे आणि घर सिडकोत. तिन्ही प्रकार मी विकत घेतलेत, वापरलेत.

सुरुवात बिटांच्या डब्यापासून केली आणि तो मला आजही आवडतो. फुली, चपटे, ॲलन (षट्कोनी), टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीचे), सगळं एका डब्यात. बिटाचं ६.३५ मिमीचं षट्कोनी बूड बहुतेक कंपन्यांचं सारखंच असल्याने एक झिजलं तर तेवढंच बदलायचं, आणि तेच ड्रिल मशीनलाही लागतं. कपाटाच्या बिजागऱ्यांसाठी त्यातलं पीझेड (पोझीड्राइव्ह) २ फार कामाचं. त्या स्क्रूच्या डोक्यावर फुलीच्या मधे चार बारीक रेषा दिसतात. तिथे साध्या फुलीचं फिलिप्स (पीएच) लावलं तर ते नीट बसत नाही, दोन-तीनदा घसरलं की खाच गेलीच म्हणून समजा.

मग माझं मन बदललं कुठे, तर मिक्सरवर. दिवाळीच्या गडबडीत मिक्सर बंद पडला, कार्बन झिजले होते. बुडाचे चारही स्क्रू बोटभर खोल भोकात. २५ मिमीचं बिट होल्डरबाहेर, म्हणजे ते ज्यात बसतं त्या मुठीपुढच्या नळीबाहेर, जेमतेम दीड सेंटिमीटर येतं, आणि होल्डरचं तोंड भोकापेक्षा जाड, त्यामुळे काठावरच अडलं. ५० मिमीचं बिट लावलं. ते आत पोचलं, स्क्रूही सैल झाला, पण मूठ वर उचलली तर हातात रिकामा होल्डर. बिट खाचेत घट्ट बसलेलं, आणि होल्डरच्या लोहचुंबकाची पकड त्याहून कमी. मिक्सर सुलटा करायचा, थोपटायचा, बिट ओट्यावर पडलं की पुन्हा लावायचं. चार स्क्रूंना चार वेळा हेच. करंजीच्या सारणाची भाजलेली खसखस ताटात घेऊन आई शेजारी थांबलेली.

घरी हे एकवेळ चालतं. वर्कशॉपमध्ये मात्र असंच एक बिट होल्डरमधून सुटून पॅनेलमध्ये बसबारच्या, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्टीच्या मागे गेलं. सप्लाय बंद होता, पण ते सापडेपर्यंत तासभर सगळं काम थांबलं. तसंच आत राहिलं असतं आणि पॅनेलमध्ये वीज सोडली असती तर काय झालं असतं, हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. त्या दिवसापासून डबा घरीच असतो.

बदलत्या दांडीच्या सेटमध्ये ही अडचण नाही. दांडी लांब असते, खोल भोकात सरळ जाते, आणि किंमतही बेताची. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर गेली तेव्हा मी तिला हाच दिला. मात्र माझ्या सेटची दांडी वर्षभराने मुठीत हलू लागली. घट्ट स्क्रूवर जोर दिला की आधी मूठ थोडी फिरते, मग दांडी. कदाचित माझाच नग तसा निघाला असेल. पण जोर कुठे लागतोय ते हाताला कळेनासं झालं की खाच बिघडायला वेळ लागत नाही.

सुट्यांमध्ये सुटायला काही नाहीच. शिडीवर एका हाताने पंख्याची वाटी धरलेली असताना दुसऱ्या हाताने उचलला की काम सुरू. टपारियाचा कारखाना आपल्या सातपूरचाच, त्यामुळे माझ्या पेटीत बहुतेक त्यांचेच आहेत. दुसऱ्या चांगल्या कंपनीचे घेतलेत तरी माझी हरकत नाही. विजेच्या कामासाठी मात्र दांडीवर टोकापर्यंत प्लास्टिकचं आवरण आणि १००० व्होल्टची खूण असलेलाच बघा. मूठ प्लास्टिकची आहे म्हणून तो इन्सुलेटेड होत नाही. आणि खूण असली तरी मेन बंद करूनच हात घाला.

जागा जास्त लागते, हे खरं. टॉर्क्सचा स्क्रू आला तर डब्याकडे वळावं लागतं, हेही खरं. तुमचं काम मुख्यतः लॅपटॉप, सायकल आणि ड्रिलवरचं असेल, किंवा भाड्याचं घर दर दोन वर्षांनी बदलत असेल, तर डबा घेतलात म्हणून चूक म्हणणार नाही. पण स्विचबोर्ड, मिक्सर, पंखा, दारं-खिडक्या आणि थोडं वर्कशॉप, असं मिश्र काम असेल तर मी सुटेच सुचवीन. पीएच १ एक, पीएच २ लांब दांडीचा एक आणि सिंकखालच्या अडचणीसाठी बुटका एक. टर्मिनलसाठी ३.५ मिमी चपटा, मोठ्या कामाला ६ मिमी चपटा. बिजागऱ्यांना पीझेड २. एवढे सहा पुरतात.

दुकानात जाताना घरातले दोन-तीन स्क्रू खिशात टाकून न्या. स्क्रू टोकावर बसवा, ड्रायव्हर आडवा धरा आणि हलकेच हलवून बघा. मापाचा असेल तर खाचेत डगडग जाणवत नाही. दुकानदार एकदा बघेल तुमच्याकडे, पण करू देतो.