व्हर्च्युअल मशीनमध्ये थ्रीडी : आठ महिने वापरून

निकाल आधीच सांगतो. बराच खटाटोप करून मी शेवटी व्हर्जिएलवरच (व्हर्च्युअल मशीनमधलं थ्रीडीचं काम खऱ्या ग्राफिक्स कार्डाकडून करून घेणारी सोय) परत आलो.

होस्टवर (खऱ्या यंत्रावर) लिनक्स, व्हर्च्युअल मशीन चालवणारं क्यूईएमयू-केव्हीएम आणि ते हाताळायला वर्ट-मॅनेजर; गेस्टही (आतलं व्हर्च्युअल मशीन) लिनक्सच. सुरुवातीला गेस्टमध्ये साधी खिडकी सरकवली तरी ती अडखळायची. रेंडररचं नाव पाहिलं तर 'एलएलव्हीएमपाइप', म्हणजे सगळं चित्र बिचारा सीपीयू काढत होता. मग व्हर्जिएलसाठी गेस्टचं व्हिडिओ मॉडेल व्हर्टिओ (व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेलं आभासी कार्ड) केलं, थ्रीडी अ‍ॅक्सिलरेशनवर खूण केली, स्पाइसमध्ये (गेस्टचा पडदा होस्टवर दाखवणारा भाग) ओपनजीएल (ग्राफिक्सच्या आज्ञांची एक ठरलेली पद्धत) चालू करून लिसन टाइप 'नन' ठेवला. (हे शेवटचं राहिलं आणि माझं मशीन सुरूच होईना. अर्धी संध्याकाळ त्यात गेली.) गेस्टच्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) व्हर्जिएलची सोय ४.४ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे, त्यामुळे आत वेगळा ड्रायव्हर बसवावा लागला नाही.

डेस्कटॉप, ब्राउझर, थोडंफार ब्लेंडर एवढ्याला हे पुरतं. खेळांचं मात्र अवघड आहे. गेस्टमधला मेसा (लिनक्सचा ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच) ओपनजीएलच्या आज्ञा एका मधल्या रूपात बांधून बाहेर धाडतो, होस्टवरचा व्हर्जिएलरेंडरर त्यांचं पुन्हा ओपनजीएल करून खऱ्या कार्डाकडे देतो. बारीकसारीक आज्ञांचा मारा सुरू झाला की या दुहेरी भाषांतरात दम लागतो. व्हल्कन या ओपनजीएलहून नव्या पद्धतीसाठी व्हर्जिएलसारखंच व्हीनस आहे, क्यूईएमयू ९.२ पासून, ते मी जेमतेम चाखलंय.

म्हणून तिसऱ्या महिन्यात व्हीएफआयओने (खरं उपकरण थेट गेस्टच्या ताब्यात देणारी लिनक्सची सोय) दुसरं ग्राफिक्स कार्ड सरळ गेस्टला देऊन पाहिलं. वेग जवळजवळ खऱ्या मशीनचा! पण आयओएमएमयूचा (उपकरणांची मेमरी वेगळी ठेवणारा हार्डवेअरचा भाग) अख्खा गट, म्हणजे एकमेकांपासून वेगळी न करता येणारी उपकरणं, एकत्र द्यावा लागतो, आणि माझ्या मदरबोर्डवर त्याच गटात यूएसबी कंट्रोलरही निघाला. कीबोर्ड-माऊस गेस्टमध्ये, मी होस्टसमोर हात चोळत. शिवाय गेस्ट बंद करून पुन्हा सुरू केला की कार्ड जागं व्हायचंच नाही, अख्खं यंत्र रीबूट करावं लागायचं. पाच आठवड्यांत मी कंटाळलो.

विंडोज गेस्टमध्ये खेळ खेळायचे असतील तर मात्र तोच रस्ता धरा, तिथे व्हर्जिएलच्या भरवशावर राहू नका.

व्हर्जिएलबद्दल माझी एक तक्रार अजून कायम आहे. थ्रीडी चालू असताना मशीनची चालती स्थिती सेव्ह करता येत नाही, क्यूईएमयू साफ नकार देतं. त्यामुळे रोज रात्री दहा खिडक्या बंद करून गेस्ट नीट शटडाउन करतो, सकाळी त्याच दहा परत उघडतो.