तेरखेड्याचं पक्कं दुकान की मैदानावरचा गाळा? फटाके-खरेदीचा सविस्तर आढावा

धाराशिव जिल्ह्यात वाशी तालुक्यातलं तेरखेडा धुळे-सोलापूर महामार्गावर आहे आणि मराठवाड्यात फटाक्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. दिवाळी जवळ आली की रस्त्याकडेच्या दुकानांपुढे गाड्या थांबायला लागतात. दुसरा पर्याय आपापल्या शहरातला, म्हणजे मैदानावर चार-आठ दिवसांसाठी उभे राहणारे पत्र्याचे गाळे. या आढाव्यात तेरखेड्याचं एक परवानाधारक पक्कं दुकान आणि मैदानावरचा एक गाळा शेजारी ठेवून पाहिले आहेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण जे दोष इथे सापडले ते दहातल्या सात ठिकाणी सापडतील. गिऱ्हाइकाला ते ओळखता आले पाहिजेत, एवढ्यासाठी हे लिहिलं आहे.

आधी भावाचं. दोन्हीकडे पाटी एकच: ‘छापील किमतीवर सत्तर टक्के सूट’. या सुटीला काही अर्थ नाही. डब्यावरची किंमतच सूट धरून छापलेली असते. पक्क्या दुकानात झाडं आणि भुईचक्रं थोडी स्वस्त पडली, फुलबाजीत फरक नव्हता. भावाचा विषय इथे संपला. दुकान पारखायचं ते माल कसा ठेवलाय यावरून.

पक्क्या दुकानाला स्फोटक नियम २००८ मधला नियम ८३ लागतो. खोली तळमजल्यावरच हवी, तळघरात नाही, माडीवर नाही, जिन्याखाली तर मुळीच नाही. क्षेत्रफळ ९ चौरस मीटरपेक्षा कमी नको आणि २५ पेक्षा जास्त नको. येण्याचं दार वेगळं, संकटात बाहेर पडायचं दार वेगळं, आणि दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी. आत उघडणारं दार गर्दीच्या रेट्याने मिटतं आणि माणसं आत अडकतात, म्हणून हा नियम आहे. दुसऱ्या फटाक्याच्या दुकानापासून किंवा पेट घेणाऱ्या मालापासून १५ मीटर अंतर हवं. विजेची तार नळीतून नेलेली आणि मुख्य बटण खोलीच्या बाहेर, हात पोचेल अशा जागी.

हे दुकान यातल्या बहुतेक गोष्टींत खरं उतरलं. बटण बाहेरच्या भिंतीवर होतं. वायर नळीतून गेली होती, कुठे उघडा जोड दिसला नाही. परवाना काचेच्या चौकटीत गल्ल्याच्या मागे लावलेला होता आणि किती किलो माल ठेवता येतो तेही त्यावर वाचता येत होतं. सगळ्यांत समाधान वाटलं ते समोरच्या मांडणीचं: फळीवरचे डबे रिकामे होते. गिऱ्हाईक बोट दाखवणार, माणूस मागच्या रचलेल्या मालातून बंद खोकं आणून देणार. उघडा माल हाताळायचा प्रश्नच नाही. फरशी धुतलेली होती, कोपऱ्यात काळी-चंदेरी भुकटी साचलेली नव्हती. दुकानात शिरल्यावर आधी खाली पाहावं ते यासाठीच. फुटक्या खोक्यातून सांडलेली दारू वाळूच्या खड्यासोबत टाचेखाली आली तर घर्षणाने पेटू शकते. ती कोरड्या खराट्याने झाडणं म्हणजे तेच घर्षण हाताने करणं. आधी पाणी शिंपडायचं, मग ओल्या सुती फडक्याने टिपायचं आणि ते फडकं बादलीत बुडवून ठेवायचं, ही रीत आहे.

गल्ल्यावरचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. एक बाई पैसे देऊन म्हणाल्या, “दादा, पिशवी पोराकडं द्या, माझ्या हातात बाळ हाय.” पोरगं अकरा-बारा वर्षांचं असेल. दुकानदार म्हणाला, “मावशी, अठराच्या आतल्याच्या हातात देता येत नाही. थांबा, मीच गाडीपोत्तर आणतो.” आणि तो खरंच उठला. स्फोटक कायदा १८८४ च्या कलम ६-अ प्रमाणे अठरा वर्षं पुरी न झालेल्याला स्फोटक विकताही येत नाही आणि त्याच्या ताब्यात देताही येत नाही. हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो, पण दिवाळीच्या गर्दीत पाळणारे थोडे. तो इथे पाळला गेला, म्हणून याच दुकानाला पहिली पसंती.

दोष दोन, आणि दोन्ही मोठे. संकटकाळच्या दारापुढे फुलबाजीची खोकी छातीइतकी रचलेली होती. दार आहे पण वाट नाही, म्हणजे दार नसल्यात जमा. दुसरा दोष शेजारचा: चहाचं हॉटेल, त्यात पेटती शेगडी आणि गॅसची टाकी, आणि मधलं अंतर पावलांनी मोजलं तर १५ मीटर भरत नाही. दुकानदाराच्या मते हॉटेल नंतर आलं. असेल, पण ठिणगी कोण आधी आलं ते पाहत नाही.

आता मैदान. इथे नियम ८४ लागतो आणि तो प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडपाठ हवा. गाळा न जळणाऱ्या साहित्याचा. दोन गाळ्यांत किमान ३ मीटर मोकळी जागा. घरं, शाळा, दवाखाना, रस्ता यांपासून ५० मीटर. गाळ्यांची तोंडं समोरासमोर नकोत. एका समूहात ५० पेक्षा जास्त गाळे नकोत. दिवा भिंतीला किंवा छताला पक्का बसवलेला, वायरीवर लोंबकळणारा नको. गाळ्यांच्या प्रत्येक रांगेला एक मुख्य बटण. आणि ५० मीटरच्या आत फटाका उडवून दाखवायचा नाही.

२९ ऑक्टोबर २०१६ ला औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषद मैदानावर फटाका बाजाराला आग लागली. ऐन दिवाळीत शंभराहून जास्त गाळे जळाले, उभ्या गाड्या जळाल्या. ती दृश्यं ज्यांनी पाहिली त्यांना तीन मीटर म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. फटाक्याची आग इतर आगीसारखी सरकत नाही, ती उडी मारते. पेटलेलं रॉकेट सरळ समोरच्या गाळ्यात घुसतं, म्हणून तोंडं समोरासमोर नकोत. शेजारी मात्र नुसत्या धगीनेही पेटतो आणि मधली मोकळी जागा त्याला दोन-चार मिनिटं मिळवून देते. तेवढ्यात माणसं बाहेर पडतात. ते अंतर मालासाठी नाही, माणसांसाठी आहे.

पाहिलेल्या गाळ्यात तीन मीटरची ती जागा होती, आणि तिच्यातच रिकाम्या खोक्यांचा ढीग, वर ताडपत्री. म्हणजे दोन गाळ्यांना जोडणारी वातच. वर पत्रा असला तरी पुढे झालरीचं कापड लावलेलं. आत दोन बल्ब वायरीला लोंबत होते आणि एक रॉकेटच्या खोक्यापासून वीतभरावर. पाण्याचा दोनशे लिटरचा पिंप होता, पण अर्धा. वाळूच्या बादल्या होत्या, वाळू पावसाने भिजून गोळा झालेली. अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात होता, हे चांगलं. तरी एक गोष्ट समजून घ्यावी: फटाक्याच्या दारूत प्राणवायू देणारा घटक, म्हणजे सोरा, आतच असतो. वरून वाळू टाकून हवा तोडली म्हणून ती विझत नाही. नळकांडं आणि वाळू कापड, कागद, वायर पेटली तर उपयोगाची. माल पेटला की लांबून भरपूर पाणी, आणि ते अग्निशमन दलाचं काम. आपण पळायचं, तेही वाऱ्याच्या उलट दिशेने.

मालाकडे वळू. खोकं हातात घेतलं की चार गोष्टी वाचाव्यात: कारखान्याचं नाव-पत्ता, तयार केल्याची तारीख, आतल्या रसायनांची नावं, आवाजाची पातळी. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाजाचा फटाका बनवता किंवा विकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालाने बेरियमच्या क्षारांवर आणि माळांवर बंदी आली, ऑनलाइन विक्री बंद झाली, आणि हरित फटाकेच चालतील असं ठरलं. हरित फटाक्याची सूत्रं नागपूरच्या ‘नीरी’ने तयार केली. डब्यावर त्याचं चिन्ह आणि मोबाइलने वाचायचा चौकोनी कोड असतो. नुसता हिरवा रंग छापून हरित होत नाही, कोड दुकानातच वाचून पाहावा. पक्क्या दुकानात तीन डबे तपासले, तिन्हींचा कोड उघडला. गाळ्यात एकाचा उघडलाच नाही, आणि तिथे हजाराची माळ मागितल्यावर टेबलाखालून निघाली. पक्क्या दुकानाने “माळ ठेवत नाही” असं सरळ सांगितलं.

नाव-पत्ता नसलेला डबा का नको, याचं कारण फक्त कायद्याचं नाही. पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक एकत्र असलेल्या मिश्रणावर १९९२ पासून बंदी आहे. ही जोडी स्वस्त पडते आणि आवाज दणदणीत देते, पण गंधकातल्या किंचित आम्लाने हळूहळू बिघडत जाते आणि पुढे घासलं, आपटलं किंवा तापलं तरी स्वतःहून उडू शकते. बेनामी डब्यात काय भरलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

सुटी दारू कोणी देऊ केली तर दुकानातून तिथल्या तिथे बाहेर पडावं. जत्रेतल्या उखळीसाठी म्हणून पुडीतून देतात, गावठी तोटे भरायला म्हणून देतात. ठासणीच्या बंदुकीचा परवाना असलेल्याने दारू घ्यायची ती परवान्यात लिहिलेल्या मापातच, आणि परवानाधारक विक्रेत्याकडूनच. विहिरीच्या सुरुंगाचा माल फटाक्याच्या दुकानात विकायचा नसतोच. त्याला वेगळा परवाना आणि प्रमाणपत्रधारक सुरुंगवाला लागतो.

नेताना एसटी आणि रेल्वे दोन्ही बाद. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ मध्ये यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. गाडीच्या डिकीत ठेवायचं तर डिझेलचा कॅन, बॅटरी, जॅक-पाना आधी काढावा. लोखंड खोक्यावर आपटत राहतं. ऑक्टोबरच्या उन्हात काचा बंद करून गाडी ढाब्यावर उभी करू नये.

घरी ठेवण्यात आपल्याकडे खास धोका आहे, कारण दिवाळी आणि सुगी एकत्र येतात. एका खोलीत वेचलेला कापूस, अंगणात सोयाबीनची गंजी, मागे कडबा. फटाके यांतल्या कशाजवळही नकोत. माळ्यावर पत्र्याखाली नकोत, देवघरात निरांजनाजवळ नकोत, खत-औषधांच्या खोलीत नकोत. मूळ पुठ्ठ्याच्या खोक्यात, कोरड्या थंड जागी, जमिनीपासून फळीवर, कुलपात ठेवावेत. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवण्याची चूक बरेच जण ओल येऊ नये म्हणून करतात. मोकळी दारू भसकन जळते, तीच घट्ट कोंडली की स्फोट होतो आणि डब्याच्या पत्र्याचे तुकडे अंगात घुसतात. जाडजूड डबा इथे राखण करत नाही, बॉम्बचं कवच होतो.

परतीच्या पावसात माल भिजला तर उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नये. ॲल्युमिनियमची भुकटी आणि नायट्रेट ओले झाले की आपसांत क्रिया होते, माल आतून गरम होतो आणि अमोनियाचा, गोठ्यासारखा उग्र वास येतो. असा वास आलेलं खोकं हलवायचं ते सावकाश, अंगणात, इतर मालापासून दूर. मग लांबून भरपूर पाणी ओतून पूर्ण बुडवायचं. दुकानात खोकं उघडताना हाच वास आला तर ते तसंच परत द्यावं. गाळ्यातल्या झाडांच्या एका डब्याचा पुठ्ठा ओलसर आणि फुगलेला होता. विक्रेता म्हणाला, “ऊन दाखवा काका, मस्त उडतील.” त्या गाळ्याला नापास करायला एवढं पुरेसं आहे.

घ्यायचं असेल तर तेरखेड्याच्या पक्क्या दुकानातून घ्यावं. दारापुढची खोकी हलवलीत का ते आधी पाहावं, नसतील तर सांगावं, आणि हलवेपर्यंत आत गर्दी करू नये. मैदानावरच घ्यावं लागलं तर रांगेच्या टोकाचा, झालर नसलेला गाळा, आणि वेळ सकाळची. संध्याकाळी गर्दीत बाहेर पडायची वाट राहत नाही. बिल मागावं. लागेल तेवढंच घ्यावं, आणि न फुटलेला फटाका पुन्हा पेटवू नये. त्याच्याकडे वाकून पाहायचं नाही. निदान अर्धा तास थांबून, लांब काठीने ढकलून पाण्याच्या बादलीत टाकावा. रात्रभर भिजू द्यावा आणि सकाळी ओला असतानाच कचऱ्यात द्यावा. गंजीच्या कडेला, उकिरड्यावर किंवा चुलीच्या जळणात तो कधीही जाऊ देऊ नये.