चेंडू मोजावेत की इनिंग? सॉफ्टबॉलमधल्या पिचर मुलीच्या पालकांसाठी

मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली, विंडमिल (हात पूर्ण गोल फिरवून खालून चेंडू टाकणं) हातात बसली, सॉफ्टबॉलच्या संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, म्हणून नाव पक्कं झालं, की घरात हा प्रश्न येतोच: तिच्या हाताचा हिशेब ठेवायचा कसा? दोन रीती चालतात. एकीत इनिंग, म्हणजे समोरच्या संघाच्या तीन जणी आउट होईपर्यंतची पाळी, मोजतात, दुसरीत चेंडू. मी लेकीसाठी दोन्ही करून पाहिल्या. पहिली दीड वर्ष, दुसरी गेल्या दोन मोसमांपासून. हिशेबच ठेवायचा नाही, दुखलं तर ती स्वतः थांबेल, अशी तिसरी रीतही मैदानावर दिसते. पण तेरा वर्षांची मुलगी रंगात आलेल्या सामन्यात "दुखतंय" म्हणत नाही. त्यामुळे ती सोडून देऊ.

इनिंग मोजण्यात सोय मोठी आहे, हे आधी कबूल करतो. स्कोअरबुकात सगळं आयतं लिहिलेलं असतं, वेगळा माणूस लागत नाही, वाद होत नाही. अमेरिकेतल्या लिटल लीग या मुलामुलींचे सामने भरवणाऱ्या संस्थेच्या सॉफ्टबॉलमध्ये लहान मुलींसाठी हीच रीत आहे. दिवसाला जास्तीत जास्त १२ इनिंग, आणि ७ किंवा अधिक टाकल्या तर दुसरा दिवस सक्तीची विश्रांती. इनिंगमध्ये एक चेंडू टाकला तरी ती पूर्ण इनिंग धरतात. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, झालं, नियम मिळाला. वहीत उतरवून घेतला आणि दीड वर्ष निमूटपणे पाळला.

त्याच लिटल लीगने बेसबॉलच्या मुलांसाठी मात्र २००७ पासून चेंडू मोजायला घेतले. ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५, आणि जितके जास्त टाकले तितके विश्रांतीचे दिवस जास्त. हा फरक मला बराच काळ कळत नव्हता. त्याच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे: सॉफ्टबॉलमध्ये हात बेसबॉलसारखा वरून न येता खालून फिरतो, ती नैसर्गिक हालचाल, म्हणून खांद्याला त्रास नाही. आपल्याकडचे सरही हेच सांगतात, मनापासून सांगतात. पण ऑलिम्पिक पातळीच्या पिचर्सवर झालेल्या मोजमापात खांदा सांध्यातून बाहेर खेचणारं बल शरीराच्या वजनाच्या ८० टक्क्यांच्या आसपास निघालं, आणि दुसऱ्या एका अभ्यासात विंडमिलमध्ये दंडाच्या पुढच्या स्नायूवर वरून फेकण्यापेक्षाही जास्त काम पडतं असं दिसलं. पिचर मुली खांद्याच्या पुढच्या बाजूलाच बोट ठेवून दुखतंय म्हणतात, ते उगाच नाही.

तरीही मी इनिंगवरच होतो. तिथून मला हलवलं ते एका शब्दाने.

बाहेरगावची स्पर्धा होती, डिसेंबरची सकाळ, मैदानावर धुकं. आई, म्हणजे लेकीची आजी, स्वेटरवर शाल गुंडाळून माझ्या शेजारी बसली होती. तिच्या बोटात नामजपाचं ते छोटं काउंटर होतं, आमच्या इंदूरच्या राजवाड्याजवळ मिळतं ते. नातीच्या प्रत्येक चेंडूला एक नाम आणि एक बटण, असं तिचं चाललेलं. दुसऱ्या इनिंगमध्ये शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षक मुलीच्या) हातून दोन चेंडू सुटले, एक वॉक गेला (चार चेंडू बाहेर पडले की बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस), मग एक डावखुरी बॅटर आली आणि तिने एकामागून एक सात फाउल, म्हणजे रेषेबाहेर जाणारे फटके, मारले. तिसरा आउट काही मिळेना. लेक दर चेंडूआधी उजवा हात पँटला पुसायची. शेवटी शेवटी तिचं पाऊल आखूड पडायला लागलं आणि चेंडू कॅचरच्या डोक्यावरून जायला लागले. तीन इनिंगनंतर १५ धावांचं अंतर झालं आणि नियमाप्रमाणे सामना तिथेच संपला. आईने काउंटर माझ्यासमोर धरलं. ९४.

दुपारी दुसरा सामना होता. मी सरांना म्हटलं, आज हिला बसवू या का? ते खरोखरच चांगले गृहस्थ आहेत, मुलींवर जीव आहे त्यांचा. स्कोअरबुक बघून म्हणाले, "तीन ही तो इनिंग डाली है इसने." आणि पुस्तकात ते बरोबरच होतं. दुपारी तिने आणखी चार टाकल्या. दिवसाची बेरीज सात, म्हणजे एका पूर्ण सामन्याइतकी. आईच्या काउंटरवर १५२. रात्री धर्मशाळेत लेकीला वेणी घालायला उजवा हात डोक्यामागे नेता येईना. आजीने घातली. पुढे डॉक्टरांनी तीन आठवडे हात थांबवायला सांगितला.

इनिंगच्या हिशेबाबद्दल माझी तक्रार एवढीच, पण माझ्यासाठी ती पुरेशी आहे. त्यात "तीनच" म्हणायला जागा राहते. आणि ही जागा नेमकी हरणाऱ्या संघाच्या पिचरच्या वाट्याला येते. सामना लवकर संपतो तो तिच्या संघाला मार पडतो म्हणून. मार पडत असताना चेंडू टाकायच्या वर्तुळात तीच उभी असते. जिंकणारी मुलगी तीन इनिंगमध्ये ३० चेंडूंत मोकळी होते, हरणारी ९४ टाकते, आणि पुस्तकात दोघींपुढे तीनच लिहिलेलं असतं. जिल्हा पातळीवर असे एकतर्फी सामने भरपूर होतात. जिथे संघ तोडीस तोड असतात तिथे इनिंग आणि चेंडू यांचं प्रमाण बरंचसं जुळत असेल. त्या पातळीवरचा माझा अनुभव कमी आहे.

चेंडू मोजण्यातही कटकट आहे, ती लपवत नाही. एक माणूस त्यासाठीच लागतो आणि त्याने गप्पा मारायच्या नाहीत. सुरुवातीला मी आकडा मोठ्याने सांगायचो. लेक तो ऐकून घाई करायला लागली, चेंज-अप (बॅटरला चकवणारा संथ चेंडू) सोडून सरळ वेगात टाकायला लागली. मग आकडा फक्त माझ्यापाशी आणि सरांपाशी ठेवला. आता ६०च्या पुढे गेलं की मी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवतो, सरांना कळतं. १३-१४ वर्षांच्या मुलींसाठी अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या मंडळींनी सामन्याला ८०, पहिल्या दोन दिवसांत दिवसाला ११५ आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ८० अशी मर्यादा सुचवली आहे. आमच्या लेकीचं पाऊल सत्तरच्या आसपास आखूड व्हायला लागतं, म्हणून आमची रेघ ७० वर. तुमच्या मुलीची वेगळी असेल.

पण मला खरा उपयोग झाला तो घरच्या सरावात. खजुरी बाजारातून आणलेल्या एका साध्या वहीत मी सामन्यांबरोबर सरावाचे चेंडूही लिहायला घेतले. चिमणबागेच्या मैदानावर संध्याकाळी टाकलेले, प्रत्येक इनिंगआधी हात मोकळा करायला टाकलेले, रविवारी गल्लीत बापासमोर टाकलेले, सगळे. महिन्याने वही उघडली तर स्पर्धा नसलेला आठवडा स्पर्धेच्या आठवड्यापेक्षा जड निघाला. इनिंगच्या हिशेबात त्या आठवड्यापुढे शून्य आलं असतं. गल्लीतल्या सरावात इनिंग कुठली? माझ्या तोंडचं "अजून दहा टाक" तेव्हापासून बंद झालं.

दर स्पर्धेत कुणीतरी जपानच्या पिचर युकिको उएनोचं नाव काढतं. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तिने दोन दिवसांत तीन सामने टाकून जपानला सुवर्ण मिळवून दिलं, तर आपल्या पोरींना काय होतंय? उएनो तेव्हा २६ वर्षांची होती. शिवाय तिचा तो पराक्रम जपानी लोकांच्या लक्षात राहिला तो ४१३ चेंडू म्हणून. इनिंग किती झाल्या हे कुणी सांगत नाही.

तुम्ही एकटेच वीस मुली सांभाळणारे प्रशिक्षक असाल आणि मोजायला कुणीही नसेल, तर इनिंगच मोजा, काहीच न मोजण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. फक्त एकतर्फी सामन्यातल्या तीन इनिंग मनात पाच धरा. संघात दुसरी पिचर तयार होत असेल तर दोन्ही रीती हलक्या होतात, पण ती तयार होईपर्यंत पहिलीचाच हात जातो. आणि घरातलं एक माणूस सामन्याला येऊन बसणार असेल, तर मी तरी चेंडूच मोजा म्हणेन.

आमच्याकडे आता दोन काउंटर आहेत. निळं आईच्या जपाचं, लाल नातीचं. सामन्याच्या दिवशी आई आधी जप पुरा करते, निळं पिशवीत टाकते, आणि मग लाल बोटात घालून बॅकस्टॉपच्या, म्हणजे कॅचरच्या पाठीमागच्या, जाळीमागे खुर्ची मांडून बसते.