केमिस्ट्री उन्हाळ्यात उरकावी की सेमिस्टरभर करावी?

अमेरिकेतल्या कॉलेजात जनरल केमिस्ट्रीचा पहिला भाग घ्यायचा तर दोन वाटा असतात. फॉल किंवा स्प्रिंग सेमिस्टरमध्ये साधारण १५ आठवडे, नाहीतर समर टर्ममध्ये ५, ६ किंवा ८ आठवडे. पुस्तक तेच, क्रेडिट तेवढेच. त्यामुळे ‘दीड महिन्यात सुटका’ हा मोह कोणालाही पडावा.

आधी तासांचा हिशेब करू. तिथली सरकारी व्याख्या ढोबळमानाने अशी: एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्गात, दोन तास घरी, आणि हे साधारण १५ आठवडे. आठवड्याला तीन तास लेक्चर, तीन तास लॅब आणि सहा तास घरचा अभ्यास धरला, तर सेमिस्टरमध्ये आठवड्याचे १२ तास होतात, एकूण १८०. हेच १८० तास ८ आठवड्यांत बसवले तर आठवड्याला साडेबावीस, ६ आठवड्यांत ३० आणि ५ आठवड्यांत ३६. शिवाय लॅब रिपोर्टचा वेळ यात धरलेलाच नाही. म्हणजे उन्हाळ्यातला कोर्स ही जवळजवळ पूर्णवेळ नोकरी झाली. सोबत खरीखुरी नोकरी करणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

पण तास ही खरी अडचण नाही. सुट्टीत ३० तास काढता येतात. उन्हाळ्यात जातो तो दोन तासिकांमधला रिकामा वेळ. आज शिकलेलं परवा अर्धं विसरायचं, पुन्हा उघडायचं, तेव्हा कुठे ते डोक्यात बसतं. विसरण्याचा वेग हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये मांडला, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते हेही दाखवलं. सेमिस्टरमध्ये हे अंतर आपोआप मिळतं. समरमध्ये सोमवारी मोल (पदार्थातले कण मोजायचं एकक), मंगळवारी समीकरणांचा तोल, बुधवारी लिमिटिंग रिएजंट (अभिक्रियेत आधी संपणारा पदार्थ), आणि गुरुवारी या सगळ्यावर क्विझ.

सगळ्याच धड्यांना हे सारखं बाधत नाही. अणुरचना, आवर्तसारणीतले कल, रेणूंचे आकार यांतलं एखादं प्रकरण कच्चं राहिलं तरी पुढचं अगदीच अडत नाही. मोलचं तसं नाही. वायूंचे नियम, द्रावणांची तीव्रता, उष्णतेची गणितं, सगळं त्याच खांबावर उभं. तो डगमगला की वरचं सगळं हलतं, आणि सहा आठवड्यांच्या कोर्समध्ये डागडुजीला वेळ नसतो. चार दिवसांचा आठवडा धरला तर तिथे एकूण २४ दिवस वर्ग. एक दिवस ताप आला की सेमिस्टरच्या अर्ध्या आठवड्याहून जास्त अभ्यास हातचा गेला.

म्हणून मला कोणी विचारलं तर मी एकच गणित देतो. हायड्रोजन ४ ग्रॅम, ऑक्सिजन १६ ग्रॅम. पाणी किती होईल, आणि उरेल काय? उत्तर १८ ग्रॅम पाणी, २ ग्रॅम हायड्रोजन शिल्लक. पुस्तक न उघडता पाच मिनिटांत जमलं, तर समर टर्म खुशाल घ्या. ‘हे शाळेत केलं होतं बहुतेक’ असं वाटलं, तर कोर्सआधी दोन आठवडे फक्त मोलवर घालवा. प्रश्नच कळला नाही, तर सेमिस्टर. यात हुशारीचा संबंध नाही.

सेमिस्टरही काही स्वर्ग नव्हे. सोबत आणखी तीन-चार विषय असतात आणि केमिस्ट्रीचा गृहपाठ रविवारी रात्री ढकलला जातो. पहिल्या वर्षाचे वर्ग अनेकदा शेकडो मुलांचे. उन्हाळ्यात वर्ग सहसा लहान, डोक्यात एकच विषय, आणि शंका विचारायच्या ऑफिस अवर्सना बाहेर रांग नाही. शिकवणारा बऱ्याचदा पीएचडीचा विद्यार्थी असतो. काही मुलांना हे खटकतं, मला नाही. मोल समजायला अवघड का जातो, हे त्याला अजून आठवत असतं.

लॅबमध्ये मात्र दोन्हीकडे फायदा-तोटा मिसळलेला. आठवड्यातून एकदा टायट्रेशन (थेंब थेंब द्रावण घालून दुसऱ्याची तीव्रता मोजणं) केलं तर ब्युरेटची, म्हणजे त्यासाठीच्या मोजनळीची, तोटी दर वेळी नव्याने शिकावी लागते. समरमध्ये आठवड्याला दोन-तीन लॅब असल्याने हात पटकन बसतो. रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचा फिका गुलाबी कुठे थांबवायचा हे दुसऱ्याच दिवशी कळतं. मरण रिपोर्टांचं. सोमवारचा रिपोर्ट तपासून येण्याआधी बुधवारचा द्यायचा असतो, त्यामुळे सार्थ अंकांची (उत्तरात किती अंक लिहायचे याची) एकच चूक सलग तीन रिपोर्टांत गुण खाते. पहिला रिपोर्ट देण्याआधी टीएला (शिकवण्यातल्या सहायकाला) पाच मिनिटं दाखवा, एवढ्याने बरंच वाचतं.

कोर्स पुन्हा करणाऱ्यांसाठी मी समरच सुचवेन, कारण पहिली ओळख झालेली असते. फक्त पदवीची अट पूर्ण करायची असेल तरीही समर. पुढे ऑरगॅनिक घ्यायचं असेल, तर पहिला भाग उन्हाळ्यात चालेल, पण लगेच जोडून दुसराही नको. समतोल, बफर, इलेक्ट्रोकेमिस्ट्री हे मुरायला वेळ मागतात.

स्वस्त पडतं म्हणून दुसऱ्या कॉलेजात समर करणाऱ्यांनी आपल्या विभागाची मंजुरी आधी लेखी घ्यावी, लॅबसकट. बहुतेक ठिकाणी क्रेडिट येतं, ग्रेड आपल्या जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरली जात नाही. पण मेडिकलला जायचं असेल तर ती ग्रेड लपत नाही. एएमसीएएसच्या, म्हणजे तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या सामाईक अर्जसेवेच्या, अर्जात अमेरिकेतल्या प्रत्येक कॉलेजची ट्रान्स्क्रिप्ट मागतात आणि जीपीए त्या सगळ्यांवरून काढतात.

नाव नोंदवण्याआधी वेळापत्रकात दोन तारखा शोधा: पहिली मिडटर्म आणि कोर्स सोडायची शेवटची तारीख. समरमध्ये या दोन्ही चिकटून येतात. मिडटर्मचे गुण हातात पडायच्या आत सोडायची मुदत संपत असेल, तर दुसरं सेक्शन बघा.